सुटलेलं झाड आणि टिकलेलं झाड: कडधान्यांचे काटक वाण घडवताना

मर लागलेल्या हरभऱ्याच्या ओळीत कधीकधी एखादंच झाड हिरवंगार उभं असतं. दोन्ही बाजूंची झाडं माना टाकून वाळलेली, आणि हे मात्र घाट्यांनी लगडलेलं. पाहणाऱ्याचा जीव हरखतो. बी वेगळं ठेवलं जातं, पुढच्या हंगामात जपून पेरलं जातं, आणि महिनाभरात त्यातली बहुतेक रोपं वाळून जातात. बियाण्यात खोट नव्हती. ते झाड रोगाशी लढलंच नव्हतं, कारण त्याच्या मुळापर्यंत बुरशी पुरेशी पोचलीच नव्हती.

रोगातून सुटलेलं झाड आणि रोग सोसून टिकलेलं झाड दिसायला सारखंच असतं. घेवडा असो, तूर, मूग, चवळी किंवा हरभरा, वाण घडवण्याच्या कामात या दोघांत फरक करण्यातच सगळी हुशारी पणाला लागते. संकर करणं त्यामानानं सोपं आहे, ते दोन-चार दिवसांत हाताला बसतं. अवघड असतं ते प्रत्येक झाडाला रोगाची सारखीच गाठ घालून देणं. म्हणून या लेखात फुलापेक्षा रोगाच्या प्लॉटला जास्त जागा दिली आहे.

शत्रू नक्की कोण, ते आधी ठरवा

‘रोगाला बळी न पडणारा वाण हवा’ एवढ्यावर काम सुरू होत नाही. कोणता रोग, पिकाच्या कोणत्या वयात, कोणत्या हवामानात, हे कागदावर लिहा. सुरुवातीला एक मुख्य रोग आणि एक ताण (दुष्काळ किंवा उष्णता) एवढंच घ्या. पाच गुणांच्या मागे एकदम लागलेला कार्यक्रम बहुधा एकही गुण पक्का करत नाही.

रोग ओळखण्यातच पहिली चूक होते. हरभऱ्याचं वाळलेलं झाड उपटा आणि बुंध्याजवळचं खोड चाकूनं उभं चिरा. आतल्या भागात तपकिरी-काळी रेघ वर चढत गेलेली दिसली तर ती फ्युजेरियम बुरशीची मर. झाड उपटताना सोटमूळ कट्‌कन तुटलं, बारीक मुळं गळून गेलेली असली आणि पानं गवती पिवळी पडली असली, तर ती कोरडी मूळकूज. मूळकुजीला उष्ण आणि कोरडी जमीन मानवते. मर आणि मूळकूज या दोन्हींचा प्रतिकार वेगवेगळ्या जनुकांमधून येतो. मरीसाठी निवडलेला वाण मूळकुजीनं मेला, तर चूक वाणाची नाही, निदानाची आहे. लांबून दोन्ही झाडं ‘वाळलेली’ एवढीच दिसतात, म्हणून चाकू सतत खिशात ठेवा.

शत्रूचेही प्रकार असतात. हरभऱ्याच्या मर बुरशीचे आठ प्रकार नोंदलेले आहेत. घेवड्यावरच्या करप्याच्या बुरशीचे प्रकार ओळखायला जगभर एकच पद्धत वापरतात. ठरावीक बारा वाणांवर बुरशी फवारायची आणि कोणते वाण बळी पडतात ते पाहायचं. प्रत्येक वाणाला १, २, ४, ८ असा दुपटीनं वाढणारा आकडा दिलेला असतो आणि बळी पडलेल्या वाणांच्या आकड्यांची बेरीज हे त्या प्रकाराचं नाव. प्रकार ७३ म्हणजे ६४, ८ आणि १ हे आकडे असलेले तीन वाण पडले, बाकीचे नऊ टिकले. फार सुंदर युक्ती आहे ही: नावातच सगळा निकाल लिहिलेला. आपल्या शेतात कोणता प्रकार आहे हे कळलं नाही, तर दाता, म्हणजे प्रतिकाराचा गुण देणारा वाण, निवडताना आपण अंधारात हात घालतो.

रोगाची शेती

संकराआधी हे काम हाती घ्या, कारण याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पैदासकार याला ‘सिक प्लॉट’ म्हणतात. जमिनीचा असा एक तुकडा, जिथे मुद्दाम रोग पोसलेला असतो.

मरीसाठी पद्धत साधी आहे. रोगानं मेलेली झाडं गोळा करून बारीक तोडायची, त्या तुकड्यात मिसळायची आणि त्यावर मरीला हमखास बळी पडणारा वाण पेरायचा. तो मेला की त्याचेही अवशेष तिथेच मिसळायचे. असं हंगामामागून हंगाम केलं की बुरशी सगळीकडे सारखी पसरते. हरभऱ्यासाठी या कामात जेजी ६२ हा वाण जगभर वापरला जातो. तो इतक्या भरवशानं मरतो की त्याच्यावरून प्लॉटची परीक्षा घेता येते. प्लॉट तयार झाला की नाही, याची कसोटी एकच: जेजी ६२ जवळजवळ शंभर टक्के मेला पाहिजे, आणि प्लॉटच्या सगळ्या कोपऱ्यांत मेला पाहिजे. मध्ये कुठे त्याची पाच-सहा झाडं हिरवी उभी राहिली, तर त्या जागेवरची इतर नोंदही धरू नका. तिथे तुमची झाडंही नुसती सुटलेली असू शकतात.

चाचणी घेताना दर दोन-चार ओळींनंतर एक ओळ बळी पडणाऱ्या वाणाची ठेवा. जागा वाया जाते असं वाटून ही ओळ गाळण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण शेजारच्या प्रत्येक आकड्याला अर्थ याच ओळीमुळे येतो. मर बुरशी यजमान पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांहून जास्त टिकते. म्हणून हा तुकडा बाकीच्या शेतापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला ठेवा. तिथली अवजारं आणि चपला बाहेर नेताना धुवा.

प्रत्येक रोगाची ‘शेती’ वेगळी असते. मूग आणि उडदावरचा पिवळा मोझॅक, म्हणजेच केवडा, पांढरी माशी पसरवते आणि हा विषाणू नुसता रस चोळून सहसा पसरत नाही. तिथे बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी आधी पेरून माशीला बोलवायचं आणि चाचणीभर कीटकनाशकाला हात लावायचा नाही. तुरीचा वांझ रोग डोळ्यांना न दिसणारी कोळ्याच्या जातीची कीड पसरवते. त्यासाठी एक गमतीशीर, पण अचूक पद्धत आहे. रोगट झाडाचं पान घ्यायचं आणि दहा-पंधरा दिवसांच्या रोपाच्या पानाला स्टेपलरनं टाचायचं. टाचलेलं पान सुकू लागलं की कीड नव्या पानावर जाते. प्रत्येक रोपाला रोग नक्की पोचवला, हे इतक्या खात्रीनं दुसऱ्या फारच कमी पद्धतींत सांगता येतं.

घेवड्याच्या करप्यासाठी बुरशीचे बीजाणू पाण्यात मिसळून सात ते दहा दिवसांच्या रोपांवर फवारतात. एका मिलिलिटरला साधारण बारा लाख बीजाणू धरतात. नंतर रोपं दोन दिवस २० ते २२ अंश तापमानाला भरपूर दमट जागेत झाकून ठेवायची आणि आठवडा-दहा दिवसांनी १ ते ९ अशी गुणपट्टी लावायची. १ ते ३ प्रतिकारक, ४ ते ६ मध्यम, ७ ते ९ बळी. दमटपणा मध्येच तुटला तर सगळीच रोपं निरोगी दिसतात. त्या आनंदात वर्ष फुकट गेलेलं असतं.

दाता कुठे शोधायचा

आधी स्थानिक वाणांत शोधा, मग बियाणे बँकांत, आणि सगळ्यात शेवटी रानटी नात्यात. हा क्रम आळसापोटी ठरवलेला नाही. जितकं लांबचं नातं, तितके नको असलेले गुण सोबत येतात आणि ते झाडण्यात पिढ्या जातात.

घेवड्याचा सगळ्यात मोठा संग्रह कोलंबियात पाल्मिरा इथल्या सियाट संस्थेत आहे. हरभरा आणि तुरीचा इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या हैदराबादजवळच्या पटणचेरू केंद्रात, तर चवळीचा नायजेरियातल्या इबादानला आयआयटीए या संस्थेत. घेवडा, हरभरा, तूर, चवळी, मूग, मसूर, वाटाणा ही पिकं वनस्पती जनुकसंपदेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सामायिक यादीत आहेत, त्यामुळे त्यांचे नमुने ठरावीक करारपत्रावर मागवता येतात. सोयाबीन आणि भुईमूग मात्र त्या मूळ यादीत नव्हते.

काही दाते आता जुने सोबती झाले आहेत. हरभऱ्याच्या मरीला डब्ल्यूआर ३१५. घेवड्याच्या करप्याला मेक्सिकोतला जी २३३३, ज्यात प्रतिकाराची एकाहून जास्त जनुकं एकत्र आहेत. घेवड्याच्या जिवाणूजन्य करप्याला प्रतिकार आणला तो त्याच्या वाळवंटी चुलतभावाकडून, टेपरी बीनकडून. या दोघांचा संकर सहज होत नाही, कोवळा गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो. तेवढी सोय नसेल, तर टेपरीच्या वाटेला स्वतः जाऊ नका. तो गुण आधीच घेतलेले घेवड्याचे वाण दाता म्हणून वापरा.

घेवड्याच्या बाबतीत एक धोका माहीत असायलाच हवा. हे पीक दोन ठिकाणी वेगवेगळं माणसाळलं. मध्य अमेरिकेचा गट बहुधा लहान दाण्याचा, अँडीज पर्वतरांगेतला मोठ्या दाण्याचा. या दोन गटांतल्या काही वाणांचा संकर केला तर पहिल्या पिढीची रोपं खुरटतात, कधी मरतातही. दोन्हीकडची दोन विशिष्ट जनुकं एकत्र आली की असं होतं. संकर फसला असं समजून हात टेकू नका, जोडीतला एक वाण बदलून पाहा.

आणि एकाच दात्यावर विसंबू नका. अमेरिकेत सोयाबीनच्या मुळांवर जगणाऱ्या सिस्ट सूत्रकृमी या सूक्ष्म कृमीविरुद्धचे बहुसंख्य वाण पीआय ८८७८८ या एकाच दात्यावर उभे राहिले. तोच प्रतिकार दशकानुदशकं समोर आल्यावर सूत्रकृमीनं त्यावर मात करायला शिकून घेतलं. दोन वेगळ्या उगमांची जनुकं एकाच वाणात आणणं हेच शहाणपणाचं.

फुलाशी गाठ

घेवड्याची उद्या उमलणार अशी कळी शोधा. फुगलेली, रंग दिसू लागलेला, पण पाकळी अजून मिटलेली. अशा कळीतले परागकोश फुटायच्या बेतात असतात, म्हणून आजचं काम उद्यावर ढकलता येत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी धरा, चिमट्याच्या टोकानं वरची मोठी पाकळी आणि बाजूचे पंख हळूच उघडा. आत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली पाकळी दिसेल, तिला नौका म्हणतात. घेवड्यात ती इतकी पिळलेली असते की पहिल्या दिवशी हात थरथरतो. ती सोडवून बाजूला केली की दहा पुंकेसर दिसतात, नऊ एकत्र जोडलेले आणि एक सुटा. दहाही मोजून काढा. एक राहिला तरी कळी स्वतःशीच फळते.

मग नराच्या त्याच सकाळी उमललेल्या फुलातून परागानं माखलेली कुक्षी (स्त्रीकेसराचं टोक) काढा आणि ती मादीच्या कुक्षीवर टेकवा. सरावलेले लोक ती आकड्यासारखी अडकवूनच ठेवतात, त्यामुळे पराग निसटत नाही. पाकळ्या पुन्हा जुळवा, दोरा बांधा, चिठ्ठीवर मादी, नर आणि तारीख लिहा. त्या पेरावरच्या बाकीच्या कळ्या आणि शेंगा खुडून टाका. आधी धरलेल्या शेंगा असल्या की झाड मागाहून आलेली गाळतं. तीन-चार दिवसांत देठाशी बारीक शेंग लांबू लागली, तर जमलं.

हरभऱ्याची कळी त्याहून लहान आणि नाजूक. घाट्यात दाणा एखाद-दुसराच, आणि बऱ्याच कळ्या गळून पडतात. त्यामुळे संख्या जास्त ठेवावी लागते. तुरीत उलटी अडचण. तिथे मधमाश्या परपरागीभवन करतात, म्हणून फुलाआधी झाडावर जाळीची पिशवी चढवली नाही, तर तुमच्या निवडीत शेजारचा पराग घुसतो. तुरीच्या शुद्ध ओळी सांभाळताना ही पिशवी विसरणं म्हणजे चार वर्षांचं काम वाहून जाऊ देणं.

मादी पांढऱ्या फुलाची आणि नर रंगीत फुलाचा, अशी जोडी शक्य असेल तर जरूर निवडा. घेवडा, हरभरा, वाटाणा यांत रंगीत फूल प्रभावी असतं, म्हणजे संकरात तोच रंग दिसतो. पहिल्या पिढीत पांढरं फूल दिसलं की ते झाड संकराचं नाही, हे लगेच कळतं.

पिढ्या, आणि किती झाडं

पहिल्या पिढीत निवडायचं काही नसतं, बी वाढवायचं. खरी फाटाफूट दुसऱ्या पिढीत. किती झाडं लागतील, याचा हिशेब आधीच करा. हवं असलेलं झाड चारात एक असेल, तर ते किमान एकदा मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास ११ झाडं लागतात. सोळात एक असेल तर ४७, चौसष्टात एक असेल तर १९१. गुण वाढले की संख्या किती भराभर चढते पाहा. उत्पादन, दाण्याचा रंग, उंची यांतही निवड करायची असल्याने प्रत्यक्षात काहीशे झाडं घेणंच बरं.

दुसऱ्या पिढीतलं झाड सिक प्लॉटमध्ये जगलं, एवढ्यानं ते पास होत नाही. पुन्हा सुटण्याचाच प्रश्न. त्याचं बी तिसऱ्या पिढीत पंधरा-वीस रोपांची ओळ म्हणून त्याच प्लॉटमध्ये पेरा. झाड खोटं बोलू शकतं, ओळ बोलत नाही. हरभऱ्याच्या मरीत साधारण १० टक्क्यांपर्यंत झाडं मेली तर ती ओळ प्रतिकारक धरतात.

उशिरा मरणाऱ्या ओळी फेकू नका. मरीच्या पहिल्या प्रकाराविरुद्ध हरभऱ्यात एकेकटं जनुक असेल तर झाड उशिरा मरतं, आणि अशी दोन जनुकं जुळली की पूर्ण टिकतं. म्हणजे उशिरा मरणाऱ्या दोन वेगळ्या वाणांच्या संकरातूनही पक्का प्रतिकार बाहेर येऊ शकतो. तारखा लिहून ठेवणाऱ्यालाच हे सापडतं. ‘मेलं’ एवढीच नोंद करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पिढी पुढे नेताना दर वेळी मिश्रपणा, म्हणजे जोडीतली दोन जनुकं वेगळी असण्याचं प्रमाण, निम्मा होतो. एफ-२ म्हणजे दुसऱ्या पिढीमध्ये ५० टक्के, एफ-४ मध्ये १२.५, एफ-६ मध्ये सुमारे ३ टक्के. जागा कमी असेल तर प्रत्येक झाडाचं एकच बी पुढे नेत एफ-५ पर्यंत या आणि मग निवड करा. दिवे आणि तापमान हाताशी असेल, तर २२ तास प्रकाश देऊन हरभऱ्याच्या वर्षात सहा पिढ्यांपर्यंत घेता येतात.

चांगल्या वाणात एकच जनुक घालायचं असेल, तर पुनर्संकर करा, म्हणजे संकराची झाडं पुन्हापुन्हा त्याच चांगल्या वाणाशी जुळवा. तीन पुनर्संकरांत मूळ वाणाचा सरासरी ९३.७५ टक्के वाटा परत येतो. जनुक अप्रभावी, म्हणजे जोडीत एकटं असताना दबून राहणारं, असेल तर पुनर्संकरातली झाडं रोगाच्या प्लॉटमध्ये सगळीच बळी पडतात. अशा वेळी एक पिढी स्वतःशी फळवून मग तपासा, नाहीतर डीएनए मार्कर, म्हणजे जनुक आहे की नाही हे दाखवणारी डीएनएतली खूण, वापरा. अप्रभावी जनुकासाठी मार्करचा खर्च मला नेहमी सार्थकी लागलेला वाटतो.

विषाणूचा एक धडा

घेवड्याच्या सामान्य मोझॅक विषाणूला ‘आय’ नावाचं प्रभावी जनुक फार छान रोखतं. पण त्याच कुळातला एक करपवणारा विषाणू आला, तर हेच जनुक झाडाला मारतं. शिरा काळ्या पडतात, मूळ काळं होतं, रोप संपतं. उपाय म्हणजे ‘आय’सोबत ‘बीसी-३’ हे अप्रभावी जनुक. दोन्ही असलेलं झाड दोन्ही विषाणू पचवतं. म्हणून चाचणी एकाच विषाणूनं करू नका. कोवळ्या रोगट पानांचा रस थंडगार फॉस्फेट द्रावणात काढून, पहिल्या जोडपानांवर कार्बोरंडम ही खरखरीत पूड भुरभुरवून अलगद चोळा आणि पाण्यानं धुवा. दोन-तीन आठवड्यांत निकाल मिळतो. हा विषाणू बियाण्यातूनही पसरतो, त्यामुळे दात्याचं बी आधी वेगळ्या जागी उगवून पारखा.

ताण मोजताना

दुष्काळातही ‘सुटणं’ असतंच. लवकर पिकणारा वाण पाणी संपण्याआधी मोकळा होतो. हा गुण उपयोगाचा आहे, पण त्याला सोशिकपणा म्हणू नका. एकाच मुदतीच्या ओळी आपसांत तोला. त्याच ओळी पाणी देऊन आणि न देता, शेजारी-शेजारी लावा. दोन्हीकडे चांगलं देणारी ओळ हवी. कोरड्यात टिकते, पण पाण्यात मागे पडते, अशी ओळ पाऊस बरा झालेल्या वर्षी शेतकऱ्याला खाईत घालते.

घेवड्यात मला सगळ्यात जास्त भावणारं मोजमाप अगदी साधं आहे. वाळलेल्या शेंगांचं वजन घ्या, मग त्यातल्या दाण्यांचं, आणि दाण्यांचा टक्का काढा. ताणात काही झाडं टरफलं मोठी करून दाणे पोकळ ठेवतात, काही टरफलातलं अन्नही दाण्यात ओततात. दुसऱ्या प्रकारची झाडं हवीत. लागतो फक्त एक तराजू.

हरभऱ्यात आयसीसी ४९५८ या खोल मुळांच्या दात्याकडून दुष्काळाशी निगडित जनुकांचा एक पुंजका मार्करच्या मदतीनं हलवला गेला आणि त्यातून पुसा १०२१६ हा वाण २०१९ मध्ये आला. उष्णतेसाठी सोपी युक्ती म्हणजे उशिरा पेरणी, म्हणजे फुलोरा नेमका तापात सापडतो. हरभऱ्याला फुलोऱ्यात ३५ अंशांच्या वरचं ऊन सोसत नाही, आणि घेवड्याला दिवसापेक्षा उबदार रात्री जास्त नडतात. रात्रीचं तापमान नोंदवल्याशिवाय घेवड्याची उष्णता-चाचणी घेऊ नका.

शेवटच्या चाचण्या

शिल्लक राहिलेल्या आठ-दहा ओळी किमान दोन-तीन हंगाम, वेगवेगळ्या जमिनींत, प्रत्येकी तीन-चार वेळा पुन्हा मांडून तपासा. सोबत एक प्रचलित चांगला वाण आणि एक बळी पडणारा वाण हवाच. मुळांवरच्या गाठीही उपटून पाहा. कापल्यावर आतून गुलाबी असतील तर नत्राचं काम चालू आहे. निवडीच्या नादात गाठी हरवलेली ओळ पुढे नेऊ नका.

निवडलेल्या ओळीचं बी नीट वाळवून हवाबंद ठेवा आणि त्यातला एक मूठभर वाटा वेगळा काढा. तो दर वर्षी सिक प्लॉटमध्ये जेजी ६२ च्या शेजारी पेरायचा. ज्या वर्षी त्या मुठीतली झाडं माना टाकू लागतील, त्या वर्षी शेतात बुरशीचा नवा प्रकार आलेला असू शकतो, आणि पुढचा संकर त्याच हंगामात सुरू करायचा असतो.